नवोदय प्रवेश, आरक्षण आणि न्याय: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

पाचवीच्या वर्गावर असलेल्या प्रत्येक शिक्षकाला नवोदयबद्दल, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेतल्या सहावीच्या प्रवेशाबद्दल, विचारणा होते. अर्ज कधी सुटतो, पुस्तक कोणतं घ्यायचं, उत्तरपत्रिकेवर गोल कसे रंगवायचे, हे सांगून टाकता येतं. निकालानंतरचे प्रश्न तसे नसतात. यादी लागते आणि शाळेच्या ओट्यावर आवाज चढतात. "अमक्याचं नाव आलं, आमच्याचं का नाही?" या प्रश्नाआड बहुतेक वेळा आरक्षणाचा विषय असतो आणि तो अर्धवट माहितीवर बोलला जातो. खालचे प्रश्न असेच पुन्हा पुन्हा कानावर आलेले आहेत. उत्तरांत नियम आहेत आणि माझं मतही आहे.

नवोदयमध्ये आरक्षण नक्की कसं मोजतात?

आधी थोडी पार्श्वभूमी. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक निवासी शाळा असावी, ही कल्पना आली. त्याच्या थोडं आधी, १९८५-८६ मध्ये, प्रयोग म्हणून दोन शाळा सुरू झाल्या होत्या. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं सरकारकडून.

सहावीला एका शाळेत जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आणि एक तृतीयांश मुलींच्या. अनुसूचित जाती आणि जमातींचा वाटा त्या जिल्ह्यातल्या त्यांच्या लोकसंख्येप्रमाणे ठरतो, पण तो अनुक्रमे १५ आणि साडेसात टक्क्यांच्या खाली जात नाही आणि दोन्ही मिळून ५० टक्क्यांच्या वर जात नाही. २०२१-२२ पासून इतर मागासवर्गाला २७ टक्के जागा मिळू लागल्या. त्या वरच्या वाट्यातून कापलेल्या नाहीत, वेगळ्या आहेत. दिव्यांग मुलांसाठीही तरतूद आहे.

जिल्हा बदलला की हे गणित बदलतं, आणि गैरसमजाचं मूळ तिथेच आहे. २०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्यात अनुसूचित जाती साधारण साडेसतरा टक्के आणि जमाती चौदा टक्के होत्या. म्हणजे ८० पैकी १४ आणि ११ च्या आसपास जागा. रत्नागिरीत आदिवासी दीड टक्क्याहूनही कमी आहेत, तरी तिथे साडेसात टक्के, म्हणजे ६ जागा धरल्या जातात. उलट नंदुरबारमध्ये आदिवासी ६९ टक्के आहेत. तिथे ५० टक्क्यांची मर्यादा आडवी येते. कोकणातल्या पालकाने नंदुरबारचा आकडा ऐकून चिडायचं आणि नंदुरबारच्या पालकाने रत्नागिरीचा, यात काही अर्थ नाही. तुमच्या मुलाची स्पर्धा तुमच्या जिल्ह्यातल्याच मुलांशी आहे. ज्या जिल्ह्यात मूल राहतं आणि पाचवीत शिकतं, त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी त्याला बसता येतं.

म्हणजे खुल्या वर्गाला तीस-पस्तीसच जागा उरतात ना?

उरलेल्या जागा "खुल्या वर्गाच्या" नसतात. त्या खुल्या असतात. गुणवत्तेवर कोणीही त्या घेऊ शकतं, आणि अनुसूचित जातीतल्या मुलीने त्या यादीत जागा पटकावली तर ती राखीव कोट्यात मोजली जात नाही. नियमात हे स्पष्ट आहे: राखीव जागा गुणवत्तेवर निवडलेल्यांच्या व्यतिरिक्त असतात. त्यामुळे निकालाच्या यादीत आडनावं मोजून "यांनी आपला वाटा ओलांडला" असं म्हणणं चूक आहे. मागे मी स्वतःही एकदा यादी घेऊन असा हिशेब करत बसलो होतो. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने नियम पुढ्यात ठेवला तेव्हा माझे डोळे उघडले.

जास्त गुणांचं मूल बाहेर राहतं आणि कमी गुणांचं आत जातं. हा अन्याय नाही का?

हा प्रश्न झटकून टाकू नये. दोन वर्षं पहाटे उठून अभ्यास केलेलं दहा वर्षांचं मूल यादीत नाव नाही म्हणून रडतं, तेव्हा त्याला सामाजिक इतिहास ऐकवणं निर्दयपणाचं आहे. त्याचं नुकसान खरं आहे. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, म्हणजे पुढच्या वर्षी बघू असंही त्याला म्हणता येत नाही.

तरीही मला हा अन्याय वाटत नाही. का, ते परीक्षेकडे बघितल्याशिवाय कळणार नाही.

प्रश्न ८०, गुण १००, वेळ दोन तास. ४० प्रश्न बौद्धिक क्षमतेचे, ५० गुणांना. २० अंकगणिताचे, २५ गुणांना. २० भाषेचे, तेही २५ गुणांना. त्यातला निम्मा भाग आकृत्यांचा आहे: वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा सांगा, घडी घातलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल ते निवडा. हा भाग बुद्धी मोजतो असं म्हणतात. पाचवीला शिकवणारा कोणीही सांगेल की तीन महिने रोज सराव केला की या भागातले गुण झपाट्याने वाढतात. सराव कोणाचा होतो? ज्याच्या घरी कोणी जवळ बसून पाहणारं आहे, ज्याला क्लास परवडतो, ज्याला सुट्टीत निवासी वर्गाला पाठवता येतं, त्याचा. दोन मुलांत आठ-दहा गुणांचा फरक असेल तर त्यातला किती बुद्धीचा आणि किती सरावाचा, हे उत्तरपत्रिका सांगू शकत नाही.

भाषेचं तर आणखी वेगळं आहे. पुन्हा अमरावतीकडे बघू, कारण पहिल्या दोन नवोदयांपैकी एक तिथली. त्याच जिल्ह्यात मेळघाट आहे, धारणी आणि चिखलदरा तालुके. तिथलं कोरकू मूल घरी कोरकू बोलतं. मराठी त्याला शाळेत भेटते. अचलपूरचं मूल मराठीतला उतारा वाचतं तेव्हा ते आईच्या भाषेत वाचत असतं. कोरकू मूल तोच उतारा वाचताना आधी मनात भाषांतर करतं आणि मग उत्तर शोधतं, आणि घड्याळ दोघांना सारखंच. अंकगणितातली शाब्दिक उदाहरणंही त्याला परक्याच भाषेत सोडवायची असतात. गडचिरोलीतल्या माडिया मुलाचं आणि अक्कलकुव्यातल्या भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाचं हेच. अशा मुलाने १०० पैकी ६५ मिळवले आणि शहराजवळच्या, क्लास लावलेल्या मुलाने ७३, तर पुढच्या सात वर्षांत कोण अधिक पुढे जाईल? मी पैज ६५ वर लावेन.

राखीव जागा हा हिशेब जुळवायचा एक ओबडधोबड मार्ग आहे. ओबडधोबड, कारण तो प्रत्येक मुलाचं घर बघत नाही, गट बघतो. त्यामुळे काही ठिकाणी चुकतोही. पण सरळ गुणांची यादी लावणं म्हणजे न्याय, हे मला मान्य नाही. त्या यादीतही कोटा आहेच, क्लासच्या फीचा. तो कागदावर लिहिलेला नसतो एवढंच.

आरक्षण जातीवर कशाला? उत्पन्नावर ठेवा, म्हणजे सगळ्या गरिबांना मिळेल.

गरिबी बघितलीच पाहिजे. नवोदय ती थोडीफार बघतेही. शिक्षण मोफत आहे. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी घेतात, पण त्यातून मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं वगळली आहेत.

प्रवेशासाठी फक्त उत्पन्न धरलं तर दोन अडचणी येतात. खेड्यात उत्पन्नाचा दाखला कसा निघतो हे तुम्हाला मी सांगायला नको. शेती आणि किरकोळ धंद्याचं उत्पन्न तलाठ्याच्या कागदावर जे उमटतं त्याचा घरातल्या परिस्थितीशी संबंध असेलच असं नाही. दुसरी अडचण मोठी आहे. जात ही नुसती गरिबी नसते. सारख्याच उत्पन्नाच्या दोन शेतमजुरांपैकी एकाच्या मुलाला गावात कोणाच्या ओसरीवर बसून अभ्यास करता येतो आणि दुसऱ्याच्या मुलाला नाही, असं अजूनही घडतं. १९५१ मध्ये मद्रास प्रांतातलं जातवार प्रवेशाचं धोरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. त्यावर त्याच वर्षी घटनेत पहिली दुरुस्ती झाली आणि १५(४) हे कलम आलं. तेव्हापासून सामाजिक आणि शैक्षणिक मागासलेपण हा या राखीव जागांचा मुख्य आधार आहे.

ग्रामीण कोट्याचं काय? त्यात तर सर्रास फसवणूक चालते.

चालते. या पूर्ण व्यवस्थेत मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर याचा.

नियम कडक आहे. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण शिकलेलं मूलच ग्रामीण धरलं जातं. या काळात एक दिवसही शहरी शाळेत गेलेलं मूल शहरी ठरतं. मग तालुक्याच्या गावात राहणारे काही पालक काय करतात? तिसरीत मुलाचं नाव पाच-सात किलोमीटरवरच्या खेड्यातल्या शाळेत घालतात. हजेरी तिथे लागते आणि मूल बसतं शहरातल्या क्लासमध्ये. पटसंख्या टिकवायची म्हणून शाळाही गप्प बसते. एका गावात मी हे जवळून पाहिलं आहे. त्या वर्षी निवड झालेल्या तीन "ग्रामीण" मुलांपैकी दोघांना शाळेतल्या मुलांनी नीट ओळखलंही नाही. शाळेचं आणि गावाचं नाव घेत नाही, कारण एका शाळेचा हा दोष नाही.

जातीच्या कोट्यावर रात्रभर वाद घालणारी माणसं या चोरीवर बोलत नाहीत. ही चोरी करणारं कुटुंब कुठल्याही जातीचं असू शकतं, आणि त्याने घेतलेली जागा गावातल्या खऱ्या मुलाची असते. मुख्याध्यापकाने अर्जावर सही करताना हजेरीपट उघडून बघितला तरी यातलं पुष्कळ थांबेल.

आम्ही मराठा आहोत. राज्याचं १० टक्के आरक्षण इथे चालतं का?

नाही. ते २०२४ च्या राज्याच्या कायद्यातलं आहे. नवोदय विद्यालय समिती केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते आणि इतर मागासवर्गासाठी केंद्राची यादी पाहते. त्या यादीत महाराष्ट्रातल्या कुणबींचा समावेश आहे. त्यामुळे कुणबी दाखला असेल तर तो केंद्राच्या नमुन्यातला आणि नॉन-क्रीमिलेअरसह, म्हणजे कुटुंब सधन थरातलं नसल्याच्या नोंदीसह, काढून घ्या.

आम्ही धनगर आहोत, आमचे शेजारी वंजारी. राज्यात आमचा कोटा वेगळा आहे.

राज्यात भटक्या-विमुक्तांचे असे वेगळे वाटे आहेत. केंद्रात नाहीत. तिथे या जाती इतर मागासवर्गातच येतात. राज्याचा दाखला जसाच्या तसा जोडून प्रवेशाच्या दिवशी अडकलेले पालक दरवर्षी दिसतात. यादी लागायची वाट न पाहता केंद्राच्या नमुन्यातला दाखला आधीच तयार ठेवा.

राखीव जागा शिक्षक-कर्मचाऱ्यांची मुलंच घेतात. खऱ्या गरिबापर्यंत काय पोहोचतं?

या तक्रारीत तथ्य आहे, आणि आरक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते मान्य केलं पाहिजे. इतर मागासवर्गाला क्रीमिलेअरची चाळणी आहे, अनुसूचित जाती-जमातींना नाही. नवोदयच्या जमातींच्या जागांवर ज्या समाजांत शिक्षण आधी पोहोचलं त्यांची मुलं पुढे राहणं स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे तीन समाज विशेष असुरक्षित आदिम गट म्हणून नोंदलेले आहेत. वीटभट्टीवर आई-बापाबरोबर सहा महिने स्थलांतर करणारं कातकरी मूल पाचवीचं पूर्ण वर्ष एका शाळेत काढेल तेव्हा परीक्षेला बसेल ना?

१ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करायला, म्हणजे त्यांतल्या अधिक मागे राहिलेल्या जातींना वेगळा वाटा द्यायला, राज्यांना मुभा दिली. त्यावर मतभेद आहेत आणि काही जण त्यात फूट पाडण्याचा धोका बघतात. माझं मत असं की निवासी शाळेच्या बाबतीत तरी सगळ्यात मागे असलेल्या गटांसाठी थोड्या जागा बाजूला ठेवायला हव्यात. मात्र "कोट्याचा फायदा काहींनाच होतो, म्हणून कोटाच बंद करा" हा युक्तिवाद मला पटत नाही. विहिरीचं पाणी वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचत नसेल तर नळ पुढे न्यायचा असतो, विहीर बुजवायची नसते.

आदिवासी मुलांसाठी एकलव्य शाळा आणि आश्रमशाळा आहेत. ती तिकडे का जात नाहीत?

जातात की, आणि बहुसंख्य तिकडेच जातात. एकलव्य निवासी शाळांची योजना १९९७-९८ ची. त्यांतल्या बहुतेक जागा आदिवासी मुलांच्याच असतात. आश्रमशाळांचं जाळं राज्याच्या आदिवासी विकास विभागाचं.

पण "तुमची शाळा वेगळी" असं सांगण्याआधी आपल्याच इतिहासात डोकावू. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहं उभारली ती जातवार. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. त्या काळात दुसरा मार्ग नव्हता. एका पंगतीत बसायला मुलांचे आई-बापच तयार झाले नसते. मुलं निदान शिकतील, एवढं त्यातून साधलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं ते पुढचं पाऊल होतं. सगळ्या जातींची मुलं एका छताखाली आणि एकाच चुलीवरचं जेवण. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्रही गेलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं.

नवोदय भाऊरावांच्या वाटेवरची आहे. तिथे अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी सदनं असतात. मुलं सदनात वाटली जातात, जातीत नाही. आठ वर्षांपूर्वी एका पाटलाच्या आणि एका कोलाम कुटुंबाच्या मुलाला मी एकाच वर्षी निरोप दिला. सुट्टीत दोघं एकाच एसटीने आले आणि पाटलांच्या घरी एका ताटात जेवले. घरच्या आजीला ते रुचलं नाही, पण नातवापुढे तिचं काही चाललं नाही. आश्रमशाळेत, ती कितीही चांगली असली तरी, हे घडू शकत नाही, कारण तिथे पाटलाचा मुलगाच नसतो.

आत गेल्यावर मुलांना जातीवरून वेगळं वागवतात का?

बहुतेक ठिकाणी उघडपणे नाही. पण हा प्रश्न विचारायलाच हवा. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरातल्या नवोदय विद्यालयांत ४९ मुलांनी आत्महत्या केल्याची आकडेवारी पुढे आली होती. त्यांतली निम्मी मुलं दलित आणि आदिवासी होती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याची दखल घेतली. प्रत्येक मृत्यूमागे जात होती असा निष्कर्ष यातून काढू नये. अकराव्या वर्षी घर सुटणं, एकटेपणा, शिक्षा, मार्कांची धास्ती, अशी अनेक कारणं असू शकतात. पण ज्या मुलाच्या घरात शाळेतला ताण समजून घेणारं कोणी नाही, त्याच्यासाठी हे ओझं दुप्पट असतं.

प्रवेशाच्या वादात आपण दारापाशीच थांबतो. ८० मुलं आत घेतली की न्याय झाला असं धरतो. आठवीनंतर गणित-विज्ञान इंग्रजीतून सुरू होतं तेव्हा कोरकू मुलाची ती तिसरी किंवा चौथी भाषा असते. त्याला जादा तास कोण देतं? रात्री रडणाऱ्या मुलाजवळ कोण बसतं? "हा कोट्यातला" असं वर्गात बोलणाऱ्या मुलाला, किंवा शिक्षकाला, कोण अडवतं? पालकसभेत हे विचारा. तुमचं मूल खुल्या जागेवर गेलं असेल तर अधिक आवर्जून विचारा, कारण तुमचं बोलणं लवकर ऐकलं जातं.

आरक्षणामुळे शाळेचा दर्जा घसरतो, हे खरं ना?

नाही. नवोदयचे सीबीएसईचे निकाल वर्षानुवर्षं देशात अगदी वरच्या रांगेत असतात. २०२४ मध्ये दहावी आणि बारावी, दोन्हींचा निकाल ९८ टक्क्यांच्या वर होता. ही मुलं सहावीला वेगवेगळ्या गुणांनी आत आली होती.

मुलींना एक तृतीयांश जागा पुरेशा आहेत का?

माझ्या मते नाहीत, निम्म्या हव्यात. एकलव्य शाळांत मुलं-मुली समसमान असतात. मग नवोदयमध्ये का नकोत?

सैनिक शाळांतही असंच असतं का?

बरंचसं. देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्याची, जून १९६१ ची. तिथे अनुसूचित जातींना १५, जमातींना साडेसात आणि इतर मागासवर्गाला २७ टक्के जागा आहेत. ६७ टक्के जागा त्या राज्यातल्या मुलांना मिळतात. ग्रामीण कोटा नाही आणि फी भरावी लागते. हा फरक लक्षात घ्या.

इतर देशांत असं काही असतं का?

असतं, आणि तिथलं पाहिलं की आपल्या नियमांचं गुणदोषांसकट नीट मोजमाप होतं. मलेशियात 'मारा' संस्थेची निवासी विज्ञान महाविद्यालयं १९७० च्या दशकात मलय आणि इतर भूमिपुत्रांसाठी निघाली. चिनी आणि भारतीय वंशाच्या मुलांना पुढे फार तर १० टक्के जागा खुल्या झाल्या. तिथे कोटा बहुसंख्याकांचा आहे. आर्थिकदृष्ट्या मागे पडलेला बहुसंख्य समाज, असं त्याचं समर्थन केलं जातं. पण मळ्यातल्या गरीब तमिळ मजुराच्या मुलीला त्या दाराशी जवळजवळ जागाच नाही, हे मला खटकतं.

नायजेरियात केंद्र सरकारच्या 'युनिटी' शाळा आहेत. यादवी युद्धानंतर वेगवेगळ्या वंशांची मुलं एकत्र वाढावीत म्हणून त्यांचा विस्तार झाला. तिथे राज्यागणिक कटऑफ वेगळा असतो. २०१३ मध्ये अनाम्ब्रा राज्यातल्या मुलांना १३९ गुण लागत होते आणि झम्फारातल्या मुलाला ४. इतकी दरी असेल तर आत गेलेल्या मुलाला वर्गात काहीच समजत नाही आणि बाहेर राहिलेल्याच्या मनात राग साचतो. हेतू चांगला असूनही कोटा कुठे मोडतो, ते इथे दिसतं. दरी प्रवेशाच्या दारात भरून निघत नाही. ती पहिली-दुसरीच्या वर्गात भरावी लागते.

अर्ज भरायचा राहिला तर नंतर काही करता येतं?

सहावीच्या प्रवेशासाठी नाही. ही परीक्षा पाचवीत असतानाच आणि एकदाच. अर्जाला फी नाही. तो ऑनलाइन भरायचा असतो आणि त्यासाठी मुख्याध्यापकांची सही लागते. तुमच्या पाड्यावर, वस्तीवर किंवा तांड्यावर पाचवीतलं एखादं मूल असेल आणि त्याच्या घरी मोबाइल नसेल, तर तुमच्या मुलाचा अर्ज भरायला बसाल त्याच दिवशी त्यालाही सोबत घ्या. जन्मतारीख, शाळेतली नोंद आणि फोटो लागतो. अर्ध्या तासात दोन्ही अर्ज भरून होतात.